फेटा बांधून घेतला आणि पेव्हर ब्लॉकही मागितले

मंडळी, सरकारनं आपल्या कराचा पैसा उधळू नये, असं मी इथं रोज लिहितो. आज सकाळी चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात दुसऱ्या सभामंडपाचं भूमिपूजन झालं. पहिल्या मंडपात कडबा भरलेला हाय.

विरोध करायलाच गेलतो. आमदारांनी स्टेजवर बोलावलं, फेटा बांधला, नारळ हातात दिला. मी तो फोडला. माइक आला तेव्हा त्यांचे आभार मानले आणि मंडपापुढं पेव्हर ब्लॉकही मागितले. टाळ्या लई पडल्या.

खाली उतरलो तर शेजारचे बप्पा शांतपणे म्हणाले, "बरं झालं. आता कडब्याला जागा कमी पडायची न्हाई."

लई लाज वाटायलीय. तरी घरी येऊन फोटोग्राफरकडून फेट्यातला फोटो मागून घेतला.

खरं सांगा, तुमी नारळ परत दिला असता का?