उर्सुलाबाईची उघाडी

उर्सुलाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मांडीएवढ्या चिखलात उभी राहून एका दाराला शिव्या घालत होती. दार लाकडी, जाड फळ्यांचं, खाडीच्या बांधात बसवलेलं. अशा दाराला तिकडे उघाडी म्हणतात. भरती आली की ते लावायचं, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. तरी बांधातल्या खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपतंच. ओहोटी लागली की दार उचलायचं आणि आत आलेलं पाणी खाडीला परत द्यायचं. उन्हाळा नाही, पावसाळा नाही, ताप नाही, सण नाही. हे काम आधी तिचा नवरा फिलिप करायचा. तो हिवतापाने गेला. पाखाडीतल्या, म्हणजे तिच्या वस्तीतल्या, किरिस्तांवांच्या अठरा घरांनी दुसरा माणूस ठरवायच्या आतच ही बाई भरतीच्या वेळेला बांधावर जाऊन उभी राहिली होती. त्याला बावीस वर्षं झाली होती.

मी तेव्हा म्युनिसिपालिटीत हेडकारकून होतो. गावाचं नाव सांगत नाही. ठाण्याहून कल्याणकडे निघालं की खाडीच्या अंगाला लागतं, एवढं पुरे. कमिटीतली माणसं आता हयात नाहीत, पण त्यांची नातवंडं आहेत आणि मला या वयात भांडणं नकोत. सगळे मला अण्णा म्हणत. अक्षर सुरेख, पंचांग तोंडपाठ आणि डोकं गरम, अशी माझी ख्याती होती. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मुंबईत प्लेग शिरला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही हकीकत. शहरातली पांढरपेशी माणसं बिऱ्हाडं घेऊन रेल्वेच्या आजूबाजूला जागा शोधत होती. अशा वेळी मुंबईच्या एका शेटजींनी पाखाडीलगतचं खाजण, म्हणजे बांधाआतली खारी पडीक जमीन, विकत घेतलं आणि त्यावर चाळीस घरांच्या प्लॉटांचा नकाशा कमिटीकडे मंजुरीला धाडला. नकाशा देखणा होता. मध्ये रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, कोपऱ्यात देवळाला जागा. फक्त तो रस्ता खाडीच्या बाजूने आत येताना बरोबर उघाडीवरून जात होता. उघाडी बुजवायची, भराव घालायचा आणि वरून गाड्या न्यायच्या, असा बेत.

याचा अर्थ पाखाडीला एका क्षणात कळला. आत झिरपलेलं खारं पाणी बाहेर गेलं नाही तर ते सखल बाजूला मुरणार. सखल बाजूला अठरा घरांची एकुलती एक विहीर होती. ती खारट झाली की पाखाडी उठलीच म्हणून समजा. उर्सुलाबाईने हरकतीचा अर्ज लिहवून आणला, खाली अंगठा उठवला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"विहिरीचा पानी गोरा हाय, अण्णा," ती म्हणाली. "तेवढाच लिवलाय. बाकी कायी नाय." गोरा म्हणजे गोड; त्यांच्या बोलीत 'ड', 'ढ'चा 'र' होतो.

कायद्याप्रमाणे जागा पाहायला जायचं ठरलं. दिवस मी काढला, कारण कमिटीचे सगळे दिवस मीच काढायचो. वद्य अष्टमी, दुपारी बारा. आम्ही गेलो तेव्हा खाजण खणखणीत कोरडं होतं. जमिनीला भेगा पडल्या होत्या. खाडी पार लांब, चिखलापलीकडे चमकत होती. शेटजींनी काठी आपटून दाखवली, "दगड आहे, साहेब, दगड!" अध्यक्ष डॉक्टर होते, भला माणूस, पण उन्हाने हैराण. त्यांनी मान डोलावली.

सगळ्यांच्या घशाला कोरड पडलेली. उर्सुलाबाई विहिरीवरून लोटा भरून घेऊन आली आणि पदराने पुसून पुढे धरला. एकाचाही हात पुढे झाला नाही. किरिस्तांवाच्या विहिरीचं पाणी आमच्यातला कोण पिणार? ओव्हरसियरने माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं, अध्यक्षांनी रुमाल काढला. ती लोटा तसाच धरून उभी राहिली, मग हळूच तो विहिरीच्या कठड्यावर ठेवून गेली. आम्ही तहानलेले घरी आलो.

ओव्हरसियरचा रिपोर्ट चार दिवसांनी आला. त्यात लिहिलं होतं: जमीन कोरडी व टणक, भरतीच्या पाण्याचा उपद्रव दिसून आला नाही, विहिरीचे पाणी मुळातच मचूळ व पिण्यास निरुपयोगी, सबब हरकत गैरलागू. मी तो रिपोर्ट सुवाच्य अक्षरात नकलून काढला. माझा हात अडखळला नाही, हे मी कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी उर्सुलाबाई कचेरीत आली. तिला कोणीतरी रिपोर्ट वाचून दाखवला होता. ती दारातच उभी राहिली.

"अण्णा, चाखला कोनी?"

"काय?"

"पानी. मचूल हाय म्हून लिवलाय. चाखला कोनी? लोटा मी धरलेला ना?"

मला राग आला. माणसाची चूक पकडली गेली की त्याला येतो तो राग. मी म्हणालो, "बाई, हे सरकारी काम आहे. जमीन कोरडी होती, आम्ही सगळ्यांनी पाहिली."

"भांगाच्या दिसाला आयलाव, भरती लहान असता तवा, तर कोरडीच दिसनार. अष्टमीला दुपारी पानी नसताच. अवसेला या ना! अवसेला दुपारी या, मंग बगा."

"अमावास्येला?" मी जवळजवळ ओरडलोच. "अमावास्येला कमिटी कामाला निघते का कधी? काहीतरीच बोलू नकोस!"

आणि बोलता बोलता मी मनात हिशेब केला. सात वर्षं मी कमिटीचे दिवस काढत होतो. सात वर्षांत एकही पाहणी मी अमावास्येला ठेवली नव्हती. पौर्णिमा म्हणावी तर सणावारात जायची. म्हणजे या खाडीकाठच्या गावाच्या कमिटीने सात वर्षांत उधाण पाहिलंच नव्हतं, आणि ते माझ्या पंचांगामुळे.

"तुमाला अवस चालत नाय," उर्सुलाबाई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "मंग पारव्याला या. अवसेच्या दुसऱ्या दिसाला पानी अजून चरता. दर्याला तुमचा पारवा कलत नाय."

पाडवा! शेटजींना भूमिपूजन पाडव्यालाच करायचं होतं. सगळी कमिटी जागेवर बोलवायची, पूजा झाली की अध्यक्षांनी नकाशावर सही करायची, मग पेढे. मुहूर्त विचारायला ते त्याच दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आले. पाडवा मुळात साडेतीन मुहूर्तांतला. कोणतीही वेळ चांगली. त्यांना सकाळी आठची वेळ सोयीची होती. सकाळी आठला खाडीचं पाणी खालीच.

मी पंचांग उघडलं. बोट उगाच एका रकान्यावरून फिरवलं. "अभिजित मुहूर्त," मी म्हणालो. "दुपारी बारा ते पाऊण. घरांच्या कामाला याहून चांगला नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. ती बाई चुकली असती, किंवा पाणी कमी आलं असतं, तर कोणाला काही कळलं नसतं. पण ती बरोबर निघाली आणि मी मुद्दाम वेळ काढली हे उघडकीला आलं, तर माझी नोकरी गेली. मुलीचं लग्न ठरायचं होतं. ते तीन दिवस मला जेवण गेलं नाही. बायको, हेमा, दोनदा म्हणाली, "अहो, झालंय काय तुम्हाला?" मी तिच्यावरच खेकसलो.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली आणि प्रसादही न घेता बांधावर गेलो. उर्सुलाबाई दार लावून वर बसली होती.

"बाई, दाराला कुलूप घालायचंय. कचेरीचं."

तिने माझ्या हातातल्या कुलपाकडे पाहिलं. मग समजली. "मी खोललाय असा बोलतील."

"हो."

मी स्वतः साखळी ओढली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. साडेअकराला मंडळी आली. कनाती लागल्या, चौरंग मांडला, खड्ड्याशी कलश ठेवला. अध्यक्ष, चार मेंबर, ओव्हरसियर, शेटजी जरीच्या पागोट्यात. भटजींनी आचमन सुरू केलं. मी खाजणाकडे पाहत होतो. कोरडं. भेगा तशाच. बारा वाजले. संकल्प झाला. सव्वाबारा. मी उर्सुलाबाईकडे पाहिलं. ती विहिरीपाशी उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. जपमाळ चालली असावी. माझ्या मनात आलं, संपलं.

मग एका भेगेत काहीतरी चमकलं.

पाणी आवाज न करता आलं. वरून नाही, खालून आलं. एकेका बिळातून बुडबुडे आले, एकेक भेग भरली, आणि बघता बघता चाळीस प्लॉटांवर पातळ पाणी पसरलं. कलशाखालचे तांदूळ तरंगले. भटजींनी मंत्र म्हणता म्हणता पाय वर घेतले. शेटजींच्या पायांतले पंपशू भिजले.

"हिने दार उघडलं!" ओव्हरसियर ओरडला.

"दाराला कुलूप आहे," मी म्हणालो आणि किल्ली अध्यक्षांच्या हातात दिली. "सकाळपासून."

सगळे बांधावर जाऊन बघून आले. दार घट्ट बंद होतं. पलीकडे खाडी काठोकाठ, आणि आत आमच्या घोट्याएवढं पाणी. अध्यक्ष माझ्याकडे रोखून बघत होते. त्यांना मुहूर्ताचं कोडं सुटलं असावं.

शेटजी मात्र सावरले. "भराव वाढवू, साहेब. दोन हात वाढवू. घरं उंचावर राहतील, पाण्याने काय होतंय?"

"आणि विहीर?" अध्यक्षांनी विचारलं.

"ती तर आधीच मचूळ. तुमच्याच रिपोर्टात आहे."

ओव्हरसियरने मान हलवली. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "अण्णा, तसंच आहे ना रिपोर्टात?"

"तसंच आहे," मी म्हणालो.

उर्सुलाबाई पाण्यातून चालत आली. हातात तोच लोटा. अर्ज नाही, विनवणी नाही. नुसता लोटा अध्यक्षांसमोर धरला. मग एकेका मेंबरासमोर धरला. ती पुढे सरकली तसा जो तो अर्धं पाऊल मागे गेला. सगळ्यांत शेवटी ती माझ्यापुढे आली. लोट्यातलं पाणी काठावरून सांडत होतं.

मला तेव्हा शूर वगैरे काही वाटलं नाही. भीतीच वाटली. सात पिढ्यांत आमच्या घरात कोणी असं पाणी प्यालं नव्हतं. पण रिपोर्ट माझ्या अक्षरात होता. खोटं मी नकलून काढलं होतं, सुवाच्य अक्षरात. मी लोटा घेतला आणि घटाघटा प्यालो. सगळा.

"गोड आहे," मी म्हणालो.

भटजींनी आपलं सामान गुंडाळायला घेतलं.

नकाशा नामंजूर झाला. संध्याकाळी कचेरीत ठरावाचा मजकूर लिहायला बसलो तेव्हा अध्यक्ष जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अण्णा, 'पाणी चाखून पाहिले' एवढंच लिहा. कोणी ते नको. तुमच्या घराला उगाच त्रास." मनापासून म्हणाले ते. पण शेटजी कलेक्टरांकडे अपील करणार हे दिसतच होतं, आणि तिथे पहिला प्रश्न उर्सुलाबाईचाच येणार होता: चाखलं कोणी? मी माझं नाव लिहिलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

अपील फेटाळलं गेलं, आणि नोकरीही राहिली. उघाडी राहिली. उर्सुलाबाईने पुढे नऊ वर्षं ती राखली. मग गुडघे गेले, तेव्हा घरच्या ओट्यावर बसून पुतणीला हाका मारून दार लावायला पाठवायची आणि तिथूनच शिव्या घालायची. ती गेली तो दिवस उधाणाचा होता. पाखाडीतली माणसं आधी दार लावून आली, मग तिला उचललं.

पण मला सांगायचंय ते त्याच चैत्रातलं. गावभर झालं की अण्णा बाटला. मुलीचं स्थळ मोडलं. हेमा माझ्याशी आठ दिवस बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तरी तिने चैत्रगौर मांडली, आंब्याची डाळ वाटली, कैऱ्या उकडून ठेवल्या आणि आळीभर हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. एकही बाई आली नाही. चार वाजले, पाच वाजले. हेमा काठापदराचं लुगडं नेसून गौरीपुढे बसून होती. मी ओसरीवरून तिच्याकडे बघूही शकत नव्हतो.

तेवढ्यात अंगणात उर्सुलाबाई आली. पाखाडीपासून आमचं घर चांगलं दीड कोस. डोक्यावर भरलेली घागर होती. ती पायरीशी थांबली, घागर खाली उतरवली आणि मागे सरकली.

"आत नाय येत," ती म्हणाली. "मी रांडाव, तुमच्या कुंकवाला चालत नाय. कोनी येनार नाय असा कलला, म्हून पानी आनला. गोरा हाय."

मी उठलो. हेमा आतून बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पायऱ्या उतरली, घागर कमरेवर घेतली आणि तडक स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने ती तीन पेले घेऊन बाहेर आली. त्याच पाण्याचं पन्हं केलं होतं. एक पेला तिने उर्सुलाबाईच्या हातात दिला, एक माझ्यापुढे ठेवला आणि तिसरा तिथेच पायरीवर बसून स्वतः प्याली.