ओढली! मार!

सायली रोडवरच्या आमच्या गॅरेजात ग्रीसपेक्षा किस्से जास्त सांडतात. निम्मे तर एकट्या बोनेटच्या लॉकचे! आणि सगळ्यांत दादा आहेच. माझा मोठा भाऊ, आणि उस्ताद.

खडोलीच्या कंपनीतला एक सुपरवायझर चालत आला, गाडी बाहेर रस्त्यावरच उभी. चावी आत बॅटरीवर राहिलेली, बोनेट बंद, दारंही बंद! दादा पोट धरून हसला. पट्टी घालून दार उघडलं, लिव्हर ओढली, चावी काढून दिली आणि ऐटीत बोनेट आपटलं. तेवढ्यात बोनेटच्या आत रिंग वाजायला लागली. दादाचा मोबाईल!

सुपरवायझर म्हणाला, "उचला ना, भाई!"

मी पहिल्यांदा लॉक बदललं तेव्हा दादाने बजावलं होतं, "जुन्या बोल्टांभोवती खूण कर. नवं बसवलं की बोनेट उघडं ठेवूनच आधी स्क्रूड्रायव्हरने लॉक पाड, म्हणजे बंद कर, लिव्हर ओढून सुटतं का बघ, मगच बोनेट लाव."

एवढं कोण ऐकतं? मी थेट आपटलं. लिव्हरची केबल लॉकला जोडायचीच राहिली होती!

गिऱ्हाईक विचारतंय, "झालं का?"

दादा म्हणाला, "एकदम पक्कं! चोराला उघडणार नाही. आम्हालाही नाही!"

आमच्या स्वतःच्या गाडीचं लॉक मात्र गंजलेलं. एकाने आत बसून लिव्हर ओढायची, त्याच वेळी दुसऱ्याने बोनेटवर बुक्की मारायची. दादा आतून ओरडायचा, "ओढली! मार!" मागच्या खोलीत आईला रोज ऐकू जायचं. एकदा मी अशी हाणली की पत्र्याला खड्डा पडला. दादा आतून ओरडला,

"हळू, भो! दुश्मन आहे का?"

गेल्या महिन्यात दादा गेला. साधा ताप म्हणत होते.

बाराव्याला एक गिऱ्हाईक गाडी घेऊनच भेटायला आलं. "फार वाईट झालं," म्हणालं. मग हळूच, "लिव्हर ओढलीय, पण बोनेट अडकलंय. जरा बघतोस?"

माझं डोकंच फिरलं. जवळ पडलेला पाना उचलून फेकला. तो त्याच्याच बोनेटवर आदळला, आणि बोनेट खटकन सुटलं!

"हात दादाचाच आहे," गिऱ्हाईक म्हणालं.

आमची गाडी मात्र मला एकट्याला उघडेना. काल शेवटी नवं लॉक बसवलं. खूण केली, स्क्रूड्रायव्हरने पाडून बघितलं, सगळं दादाने सांगितलं तसं. आता एकट्या माणसाला उघडतं.

आज सकाळी पाणी तपासायला गाडीकडे गेलो, तर आई ड्रायव्हरच्या सीटवर! चहाचा कप डॅशबोर्डवर. नव्या लॉकचं तिला सांगायचंच राहिलं होतं.

"ओढली!" ती ओरडली. "मार!"

बोनेट तर तेवढ्यानेच सुटलं होतं. मी बुक्की मारली.

"हळू, भो! दुश्मन आहे का?"