मुरूडच्या याकूबभाईंची साठी

आणि हे ‘परदेशी स्नेही’ काय प्रकरण आहे? कुवेतच्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकाचे दोन भाग केलेत, ‘आपली माणसं’ आणि ‘परदेशी स्नेही’, आणि याकूबभाईंच्या साठीचा माझा हा लेख दुसऱ्या भागात नेऊन ठेवलात. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणतात, “काकू, ते सुदानी ना?” सुदानी! मुरूडचे आहेत ते. सिद्दी आहेत. मराठी तुमच्या मुलांपेक्षा बरं बोलतात.

गौरवलेखात आधी पहिली ओळख सांगतात म्हणे. सांगते. इथल्या युद्धानंतर शुऐबाच्या तेलकारखान्याची कामं परत सुरू झाली तेव्हा मी जवळच्या मंगफ गावात खानावळ घातली. एका दुपारी दारात उंच, काळेभोर, कुरळ्या केसांचे गृहस्थ उभे. मी विचारलं, “क्या चाहिए, भाई?” ते म्हणाले, “वहिनी, भात वाढा. सोलकढी असली तर आधी ती.” मी चाटच पडले. म्हणजे चूक माझीही झालीय. पण मी ती तिथल्या तिथे सुधारली, छापली नाही.

याकूबभाई खलाशांचे मुकादम. बोटीवरचे खलाशी नव्हेत. कारखान्यात अवजड यंत्रं साखळ्या-कप्प्यांनी उचलतात ते. आमचे हे त्यांच्याच टोळीत होते. उचललेल्या वजनाखाली कोणी उभं राहायचं नाही, हा याकूबभाईंचा कायदा. एकदा एक मोठे साहेब लटकत्या पाइपाखाली जाऊन उभे राहिले. याकूबभाईंनी काम थांबवलं. साहेब भडकले. “आधी बाहेर या, मग ओरडा,” याकूबभाई म्हणाले. त्यांच्या टोळीतला एकही माणूस शवपेटीतून गावी गेला नाही.

मला टायफॉइड झाला तेव्हा ड्यूटीच्या आधी पहाटे येऊन ते भाकऱ्या थापत. माझ्यापेक्षा गोल. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे.

आता माझा गोंधळ सांगते. मी चौथीत शाळा सोडली. चौथीच्या इतिहासात सिद्दी म्हणजे जंजिऱ्यावरचा शत्रू, एवढंच होतं. पाचवीत त्यांचं काही चांगलं येत असेल तर मला माहीत नाही. याकूबभाईंना विचारलं तर हसले. “वहिनी, किल्ल्यावाले नवाब वेगळे. आमचे लोक होड्या वल्हवणारे. आम्हाला कोण पुस्तकात घेतंय?”

मग अहमदी गावातल्या एका लग्नात मी समोसे पुरवले, माझ्या डेगा, म्हणजे मोठी पातेली, उचलायला ते आले. मागच्या दारी ढोलवाल्या बायका कातडं ताणावं म्हणून निखाऱ्यावर ढोल शेकत बसल्या होत्या. याकूबभाईंसारख्याच काळ्या, पण जन्माच्या कुवेती. त्यांतल्या म्हातारीने अरबीत विचारलं, “तुझे लोक कुठले?”

“हिंदचे.”

“त्याआधी?”

याकूबभाईंनी डेग खाली ठेवली. “घरात कोणी सांगितलं नाही.”

“आम्हालाही नाही,” म्हातारी म्हणाली आणि चहाचा पेला पुढे केला.

परत येताना याकूबभाई म्हणाले, “त्या बायकांचे आणि आमचे पणजे कोणीतरी बोटीत घालून आणले असणार.” कोणी, कुठून, कशासाठी? मला समजेना. अजूनही समजत नाही. शिकलेल्यांनी ते शोधायचं, तर शिकलेले त्यांना सुदानी करून मोकळे.

स्वतः याकूबभाईंना या भागाबद्दल विचारलं. “राहू द्या वहिनी, कुठल्याही पानावर घाला.” त्यांना चालेल. मला चालणार नाही. पुढच्या महिन्यात ते कायमचे मुरूडला चाललेत. हा अंक त्यांच्या नातवंडांच्या हातात पडणार. आपल्याच आजोबांना मराठी मंडळाने परदेशी म्हटलेलं त्या पोरांनी वाचायचं?

याकूबभाईंना शंभर वर्षं आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत, घरात भांडायला माणसं असोत.

आणि मंडळाने मला सांगावं, कोकणात किती पिढ्या काढल्या की माणूस ‘आपला’ होतो? सेक्रेटरींचे आजोबा घाटावरून चिपळुणात आले, ते पहिल्या भागात आहेत. अंक शनिवारी छापायला जातोय. बुधवारी दुपारी डबे गेले की मी फोनपाशी बसते. तेव्हा आकडा सांगा, नाहीतर याकूबभाईंचं पान बदललं म्हणून सांगा.