वहिनीचा भोंगा

माझी वहिनी आली ती कारखान्यांच्या मुलखातून. तिकडे एका अंगाला वाटाण्याची शेतं, दुसऱ्या अंगाला डबे भरणारे कारखाने. सकाळी तोडलेला वाटाणा संध्याकाळी डब्यात बंद. भोंगा झाला की शेतातला आणि यंत्रावरचा माणूस एकदमच कंबर सरळ करणार. आमचं गाव म्हणजे एक रस्ता, चार दुकानं आणि दुपारची झोप. घड्याळं घरोघरी आहेत, पण भिंतीच्या शोभेला.

वहिनी तिकडच्या मोठ्या बेकरीत कामाला होती. बाबांचे हात थकले, म्हणून दादा तिला घेऊन परत आला आणि बाबांची भट्टी तिने चालवायला घेतली. पाव असा करायची की नाव ठेवायला जागा नाही. पण खपेना. आमची माणसं सवडीने येणार, तोवर पाव गार, आणि वर नाकं मुरडणार. शेवटी बाबांनी सांगून टाकलं, "सुगी संपेपर्यंत बघतो. नाही जमलं तर भट्टीची खोली टायरवाल्याला देतो. तुम्ही दोघं खुशाल परत जा."

"मला नाही जायचं, ताई," वहिनी भांडी घासताना मला म्हणाली. "तिकडे ढिगाने पाव भाजले, पण ते कुणी खाल्ले, आवडले की नाही, कध्धी कळलं नाही. इथे निदान नावं ठेवणारा समोर तरी असतो." मला इतकं भरून आलं की उरलेली भांडी मी घासली. माझ्या बाबतीत हे विशेषच.

मग तिने माहेरहून हाताने फिरवायचा एक जुना भोंगा आणवला. पाव निघाला की वाजवायचा, गाव धावत येईल, असा साधा हिशोब. गाव धावत आलंही! कारण तिच्या मुलखात भोंगा कामाच्या पाळीचा, आमच्याकडे तो वाजतो फक्त आग लागल्यावर. हे तिला सांगायचं आमच्यापैकी एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून बादली घेऊन आला. मागून मास्तर, शिंपी, डोळे चोळत टायरवाला, सगळे बादल्यांसकट. धूर दिसताच न्हाव्याने मागचापुढचा विचार न करता बादली रिकामी केली, ती थेट वहिनीवर. ती नखशिखांत भिजली, पण पावाचं ताट तिने पाठीआड धरून वाचवलं.

"आग कुठंय?" न्हावी ओरडला.

"भट्टीत आहे, जिथे असायला हवी तिथेच!" वहिनीही ओरडली. "आता आलाच आहात तर गरम पाव खाऊन जा."

लोक संतापले होते. बाबांना तर तोंड कुठे लपवू असं झालं होतं. पण गरम पावाचा वास नाकाशी असताना माणूस किती वेळ संतापणार? न्हाव्याने एक खाल्ला, दुसरा उचलला आणि बाबांकडे वळला. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही हा गार खात होतो?" लोकांनी बादल्या ओतल्या, पुसल्या आणि पाव भरून घरी नेले.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधीच रांग लागली. आमच्या गावात रांग! मी जन्मात पाहिली नव्हती.

सुगी संपली तसा टायरवाला खोलीचं विचारायला आला. "मला कशाला विचारतोस?" बाबा साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "भट्टी सुनेची आहे. तिला विचार."

वहिनीने पिठाच्या हातानेच डोळे पुसले. "खोली नाही मिळायची," ती म्हणाली. "पाव किती देऊ?"

"सहा द्या," टायरवाला म्हणाला. "आणि उद्या भोंगा जरा जोरात वाजवा, माझं दुकान लांब आहे."