भिंतीकडे तोंड

उंदीर दांडीवर चढला की आमचे भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहत. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. एक कॅलेंडर, तेही मागच्या वर्षीचं. पण माझं मोजून होईपर्यंत ते त्याच्याकडे असे पाहत, जणू घरातल्या कुणाच्या लग्नाचा मुहूर्त काढायचाय.

"झालं का, मॅडम?"

"झालं, भाऊ."

मगच वळायचे.

नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत भाऊ तंत्रज्ञ होते. आधी सीताबर्डीला त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पुढे रेडिओच गेले, आणि आमच्या सरांनी त्यांना इकडे आणलं. आमचं काम असं: लकवा झालेल्या उंदरांच्या मेंदूत स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, सोडायच्या, आणि त्या तिथे तगाव्यात, कामाला लागाव्यात म्हणून रोज तासभर अगदी सौम्य वीज द्यायची. पेशी सगळ्यांना, वीज मात्र निम्म्यांनाच. नाहीतर विजेचा उपयोग होतो की नाही, कळणार कसं? तारा सगळ्यांच्या डोक्याला, प्रत्येक पिंजऱ्यावर भाऊंनी बनवलेली डबी आणि प्रत्येक डबीवर तोच लाल दिवा. कोणत्या डबीतून खरंच वीज जाते, त्याची यादी एकट्या भाऊंकडे. मी उंदरांना अरुंद दांडीवरून चालवायचे आणि पाय किती वेळा घसरला ते वहीत लिहायचे. वीज कुणाला मिळते हे कळलं असतं, तर माझा डोळा आपोआप त्यांच्या बाजूने झुकला असता.

म्हणून ती भिंत. "माह्या तोंडावर सगळं दिसते, मॅडम," ते म्हणत. "बायको म्हणते, तुमी पत्ते खेळूच नका."

खोटं नव्हतं ते. एकदा माझी साबुदाण्याची खिचडी खारट झाली. भाऊ म्हणाले, "मस्त झाली," आणि त्यांचं तोंड पाहून मी डबा लगेच ओढून घेतला.

पण यादीच्या बाबतीत माणूस पक्का. मी काय कमी छळलं त्यांना? सहज म्हणून विचारायचं, "भाऊ, पाच नंबरच्या डबीतला बॅटरीचा सेल संपला असेल ना?" ते उठत आणि एकूण एक डब्यांचे सेल बदलत. "सगळेच बदलून राहिलो, मॅडम. काळजी नका करू."

एका दिवाळीच्या तोंडावर सरांनी सांगितलं, वर्षअखेरपर्यंत काही हाती लागलं नाही तर हे काम बंद. माझ्या वहीत काही उंदीर सुधारत होते, काही तसेच लंगडत होते. मला काही उमजेना. त्या दुपारी मी भाऊंना दारातच अडवलं. "नुसतं हो की नाही सांगा. वीज लागू पडतेय का? मी थांबू की सोडून जाऊ?"

"मी सांगतलं तर तुमचे डोये खोटे होतीन. मंग एवढं केलं काहून?"

"तुम्हाला काय फरक पडतो, भाऊ?" मी चिडून म्हणाले.

भाऊ जेवणाचा डबा उचलून निघून गेले. चष्मा टेबलावरच राहिला.

संध्याकाळी तो द्यायला मी प्रतापनगरला त्यांच्या घरी गेले. भाऊंनीच दार उघडलं, हाताला कणीक. आत वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला होता. रोज शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाला मी घरचं कधी विचारलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागू लागले तर भाऊ म्हणाले, "पोया खाऊन जा. गोल नाही होत माह्या, पण पोटात गेल्यावर कोण पाहते?"

मी थांबले. वर्षअखेरीस यादी उघडली, आणि वीज मिळालेले उंदीर चक्क पुढे होते! मी धावतच भाऊंकडे गेले. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दसऱ्याच्या आंधीपासून. पिंजऱ्यात तर दिसतच होतं ना."

"आणि वहिनींना सांगितलंत?"

"नाही. हे उंदराचं झालं. माणसापर्यंत यायले किती वर्षं लागतीन, कोणाले माहीत? सांगतलं का ती वाट पाहत बसन."

एवढा आनंद पोटात ठेवून हा माणूस तीन महिने घरी जाऊन पोळ्या लाटत होता. मी असते तर पहिल्या चौकातूनच फोन केला असता. त्यांच्याइतका सच्चा माणूस मी त्या प्रयोगशाळेत दुसरा पाहिला नाही. त्यात मीही आले.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. मी वहिनींना भेटायला गेले. बोलता बोलता ते वर्ष निघालं.

"मले काईच सांगतलं नाही वं त्यायनं," वहिनी म्हणाल्या. "पण त्या दसऱ्याले कामावरून आले का दारातच समजे. तोंडच तसं."

"काय समजायचं?"

"तुमच्या उंदरायले बरं वाटून राहिलं." डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी मांडीवर नीट ठेवला. "तवापासून वाट पाहून राहिली मी. माणसायले कधी मिळन वं हे?"

आमचं काम अजून उंदरांच्या पुढे गेलेलं नाही. वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.