बाजारभाव फक्त काकूंना

अमेरिकेत आमच्या ईडन प्रेरी गावातल्या निम्म्या मराठी घरांना एकच काकू पोळ्या करून द्यायच्या. काका गेल्यावर त्यांनी हे सुरू केलं होतं. घरातून एवढा व्यवसाय नियमात बसत नाही, बंद करावा लागेल असं कळल्यावर त्यांनी एक गाळा बघितला आणि घर तारण ठेवून कर्ज मागायला आमच्या बँकेत आल्या. अर्ज माझ्याच टेबलावर आला.

घराची किंमत अंदाजापेक्षा बरीच खाली लागली. छप्पर जुनं, तळघरात ओल. मी बॉसकडे रदबदली करून बघितली. तो नाकाने कांदे सोलत म्हणाला, "आज बाजारात जी किंमत, तीच खरी. बँकेत भावना चालत नाहीत." मी मान डोलावली. मला पगार त्याचाच मिळायचा.

पुढच्याच आठवड्यात बँकेची पाचावर धारण बसली. व्याजदर कमी असताना या विद्वानांनी ढीगभर सरकारी रोखे घेऊन ठेवले होते. दर वाढले, रोख्यांचे भाव पडले, आणि खातेदारांना कुणकुण लागताच ते फोनवरून पैसे काढायला लागले. शनिवारी आम्हाला कामाला बोलावलं. मध्यवर्ती बँकेकडून तातडीचं कर्ज घ्यायचं होतं आणि तारण ठेवायच्या रोख्यांची यादी मी करायची होती. सवयीने मी प्रत्येक रोख्यापुढे आजचा बाजारभाव लिहिला.

"तो रकाना काढून टाक," बॉस म्हणाला. "ते रोख्यावरच्या मूळ छापील किमतीवर कर्ज देतायत."

"पण आजची किंमत तर..."

"हे वेगळं आहे. इथे लोकांच्या विश्वासाचा प्रश्न आहे."

म्हणजे काकूंच्या त्या भावना आणि याचा तो विश्वास! मला संताप आला, पण मी रकाना काढला. माझा व्हिसा याच नोकरीवर होता.

सोमवारी पैसे आले, खातेदार शांत झाले. बॉसने डोनट वाटले आणि आपली बँक कशी स्वतःच्या पायावर उभी आहे यावर भाषण ठोकलं. लाज म्हणून नाही! दुपारी त्याने काकूंना नकार कळवायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

गाळा धरून ठेवायची मुदत त्याच दिवशी संपत होती. मी फोन केला. बाजारभाव, नियम, सगळं बॉसच्याच शब्दांत सांगून टाकलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

काकू म्हणाल्या, "असू दे गं. टीव्हीवर सांगत होते, तुमची बँक बुडता बुडता वाचली म्हणे. मला तुझंच टेन्शन आलं होतं. जॉब सेफ आहे ना तुझा?"

"हो, काकू."

"बरं झालं बाई. मग गुरुवारी येऊन पोळ्या घेऊन जा. शेवटच्याच आहेत. पैसे नकोत."