न हललेला आकडा

कांजूरमार्गच्या आमच्या औषधाच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला वेगळी केबिन, वेगळा एसी आणि मी असं सगळं एकदमच मिळालं. चपला बाहेर काढायच्या, आत अनवाणी जायचं. देवघरच की ते. मी टायपिस्टची ऑपरेटर झाले आणि सिरपच्या घाण्यांचे तक्ते माझ्याकडे आले. बॅचला आमच्याकडे घाणाच म्हणायचे. किती लिटरचा घाणा ते तक्त्याच्या वरच्या घरात टाकलं, की साखर, रंग, औषध, सगळ्यांची वजनं खालच्या घरांत आपोआप बदलायची. त्या घरांत आकडे नव्हतेच, मी बसवलेली सूत्रं होती. मला त्याचा भारी माज होता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी मी पुढच्या घाण्याचा तक्ता काढायला बसले. मागच्या वेळी साखर कमी आली म्हणून घाणा निम्माच केला होता, आता पुन्हा पूर्ण करायचा होता. मी वरचा आकडा बदलला. खालचे सगळे आकडे हलले. एक हलला नाही. खोकल्याच्या सिरपमध्ये गुंगी आणणारं जे औषध असतं, त्याचं वजन होतं तिथंच ठाण मांडून बसलं होतं.

बरं, आकडा चुकीचाही नव्हता. पूर्ण घाण्याला तेवढंच लागतं. मी पुढे जाणारही होते. पण मेला हलला का नाही? मी कर्सर त्या घरावर नेला. घरात खरं काय भरलंय ते स्क्रीनच्या वरच्या ओळीत दिसतं. तिथं सूत्र नव्हतं. कोणीतरी हातानं टाकलेला नुसता आकडा होता. म्हणजे निम्म्या घाण्यातही एवढंच वजन पडलं होतं. म्हणजे त्यात औषध दुप्पट.

कारण तो निम्मा घाणा काल बाटल्यांत भरला होता, आणि त्यातली एक बाटली मुलुंडला माझ्या घरी होती.

आमच्याकडे तशी रीतच पडली होती. भरायला सुरुवात केली की पहिल्या काही बाटल्यांची लेबलं तिरकी लागायची. त्या बाजारात जात नसत, ज्याच्या घरी लहान मूल त्याला मिळत. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत काही बाहेर न्यायचं नाही असा नियम होता, पण तिरकी लेबलं नियमात कोण धरतंय? माझी मुलगी तीन वर्षांची, खोकून खोकून हैराण झालेली. एक चमचा सकाळी, एक दुपारी, असं सासूबाईंना नीट समजावून मी कामावर आले होते.

केबिनच्या बाहेर वजनं तपासणारे आमचे जुने काका बसायचे. त्यांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, मीच टाकला. कागदाच्या दिवसांत तपासणाऱ्यानं वजन स्वतः काढून, त्याच आकड्यावर लाल शाईनं पुन्हा गिरवायचं असा शिरस्ता होता. कॉम्प्युटरवर लाल शाई कुठली? म्हणून मागे एकदा त्यांनी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला, बरोबर आला, आणि तपासल्याची खूण म्हणून माझ्या सूत्रावर तोच आकडा टाइप केला. निम्म्या घाण्याच्या वेळी ते रजेवर होते, आणि कॉम्प्युटरनं काढलंय म्हटल्यावर दुसऱ्या कोणी बघितलंच नाही.

मी त्यांना काय झालंय ते सांगितलं. ते खुर्चीत बसले ते उठेनातच.

"काळजीनंच केलं गं मी," म्हणाले.

त्यांच्यावर ओरडायलाही वेळ नव्हता. माल थांबवायला लॅबला सांगा एवढं कसंबसं बोलले आणि फोनकडे धावले. आमच्या घरी फोन नव्हता, तळमजल्यावरच्या काकूंकडे होता. रिंग जात होती, जात होती, उचलत कोणी नव्हतं. मग मी रिक्षाच पकडली. आग्रा रोडला लागल्यावर रिक्षाच्या तापलेल्या पत्र्याचा पायाला चटका बसला तेव्हा कळलं, चपला केबिनबाहेरच राहिल्या. एकवीरेला काय काय कबूल केलं मी त्या रस्त्यात, आठवत नाही. आठवते ती फक्त भीती. दुपारचा चमचा, दुपारचा चमचा, एवढंच डोक्यात चाललं होतं.

दार सासूबाईंनीच उघडलं. माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

"दुपारचं औषध दिलंत?"

"नाही गं. सकाळचा चमचा घेऊन झोपली ती उठलीच नाही. दोनदा हाक मारली. म्हटलं, जागरण झालंय पोरीचं, झोपू दे."

ती कुशीवर झोपली होती. गाल गुलाबी, तोंड जरासं उघडं. वरून बघितलं तर नुसती झोप. सासूबाईंचं काय चुकलं? तो आकडाही वरून बरोबरच दिसत होता. मी हाक मारली, ओला हात तोंडावरून फिरवला, हलवलं. उचलली तर मान एका बाजूला कलली. तशीच घेऊन समोरच्या डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी डोळे बघितले, नाडी बघितली, मी आणलेली बाटली बघितली. मग तिच्या तळपायाला करकचून चिमटा काढला. ती रडली. डॉक्टर म्हणाले, श्वास ठीक आहे, पण संध्याकाळपर्यंत माझ्या नजरेसमोर ठेव आणि अजिबात झोपू देऊ नकोस.

त्यांच्या दवाखान्याच्या पडवीत मी तिला घेऊन येरझाऱ्या घालत होते. झोपू दे ना आई, म्हणून ती मला मारायची, आणि मारता मारताच तिचं डोकं खांद्यावर पडायचं. पडलं की मी तळपायाला चिमटा काढायची. ती कळवळून रडायची, आणि ती रडली की माझ्या जिवात जीव यायचा. मग पुन्हा डोकं पडायचं.

ऊन उतरल्यावर तिनं आपणहून डोळे उघडे ठेवले आणि भूक लागली म्हणाली. सासूबाईंनी घरून पेज आणली. भरवायला मात्र तिला आजीच हवी होती. मी वाटीसाठी हात पुढे केला, तर तिनं दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले.